शारीरिक विनोदाच्या नाटकाची ऑडिशन: ‘आता तेच पुन्हा करा’ म्हटल्यावर अडू नये म्हणून

हौशी नाट्यसंस्थेचं नाटक शारीरिक विनोदाचं असलं की ऑडिशनच्या टेबलामागून एक वाक्य सारखं ऐकू येतं: “छान. आता तेच पुन्हा करून दाखवा.” बहुतेक उमेदवार इथेच अडतात. पहिल्यांदा खुर्चीवरून घसरले तेव्हा सगळे हसलेले असतात. दुसऱ्यांदा खुर्ची वेगळ्या जागी, घसरणं वेगळ्या क्षणी आणि चेहऱ्यावर ‘आता तरी हसा’ अशी विनवणी. आधीचा हशा योगायोगाने मिळाला होता हे दिग्दर्शकाला लगेच कळतं. त्याला हवा असतो तालमीत कितीही वेळा आणि प्रयोगात दरवेळी तीच गोष्ट तशीच, कुणालाही न लागता करून दाखवणारा माणूस. पुढचे सगळे टप्पे त्या ‘पुन्हा’ची तयारी आहेत. क्रम बदलू नका. विशेषतः चौथा टप्पा वगळून पाचव्यावर जाऊ नका.

१. नाटक कोणत्या जातीचं आहे ते आधी ओळखा

‘विनोदी नाटक आहे’ एवढ्या माहितीवर ऑडिशनला जाणारे पुष्कळ असतात. शारीरिक विनोदाच्या जाती वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची मागणी वेगळी आहे.

फार्समध्ये दारं, लपणं, थापा आणि वेग असतो. पात्र घाईत असतं, पण नट घाईत असून चालत नाही; कोण कोणत्या दाराने कधी आत येतो याचं गणित त्याच्या डोक्यात पक्कं लागतं. मारामारी आणि पडापडीच्या स्लॅपस्टिकमध्ये शरीरावर ताबा आणि सुरक्षिततेची शिस्त आधी बघतात. शब्दांविना चालणाऱ्या मूकनाट्यात किंवा विदूषकी प्रकारात नजर आणि थांबणं जास्त मोलाचं. ‘सगळंच बिघडत जातं’ अशा नाटकात नेपथ्य आणि वस्तू याच सहकलाकार असतात.

संहिता मिळत असेल तर पूर्ण वाचा, कंसातल्या सूचनांसकट. विनोदी नाटकात अर्धी भूमिका कंसात असते आणि लोक नेमका तोच मजकूर सोडून संवाद पाठ करत बसतात. तुम्हाला हव्या असलेल्या भूमिकेसाठी कागदावर दोन रकाने करा. एकात: या माणसाला या प्रवेशात काय हवंय? दुसऱ्यात: त्यासाठी शरीराला काय करावं लागतं? जिना उतरणं, कुणाला उचलणं, टेबलाखाली शिरणं, डोळे बांधून चालणं, अर्धवट कपड्यात पळणं, सगळं लिहा.

ऑडिशनच्या सूचनेतून तीन गोष्टी शोधा: तयार तुकडा आणायचा आहे की तिथे दिलेला उतारा वाचायचा आहे, गटात व्यायाम घेणार आहेत का, आणि तालमींचे वार व प्रयोगाच्या तारखा काय आहेत. उल्लेख नसेल तर विचारा.

तपासणी: पात्राला काय हवंय ते एका वाक्यात सांगता येतंय का? ‘त्याला लोकांना हसवायचंय’ हे उत्तर चूक आहे. त्याला घरमालकाला न भेटता बाहेर पडायचंय, हे उत्तर बरोबर.

२. शरीराचा खरा हिशोब मांडा

फॉर्मवर ‘जुनी दुखापत’ असा रकाना असतो आणि तिथे सर्रास ‘नाही’ लिहिलं जातं. भूमिका जाईल ही भीती. पण दुखरा गुडघा आधी कळला तर दिग्दर्शक पडण्याची जागा, बाजू किंवा पद्धत बदलतो. चौथ्या आठवड्यात कळला तर माणूस बदलतो. गुडघा, कंबर, खांदा, मनगट, चक्कर येणं, दमा, चष्म्याशिवाय किती दिसतं हे सगळं लिहा. उचलून घेतलेलं चालत नसेल, जवळीक असलेला प्रसंग नको असेल, तर तेही इथेच.

तारखांचंही तसंच. हौशी नाटकात सगळे नोकरी, शिक्षण, घर सांभाळून येतात, त्यामुळे न जमणारे दिवस असणारच. ते आधी सांगितले तर वेळापत्रकात बसतात. दोघांतिघांचा शारीरिक प्रसंग मात्र एकजण गैरहजर असला तर बसवताच येत नाही, म्हणून या नाटकांत हजेरीकडे जास्त बारकाईने पाहतात.

‘मला कोलांटी येत नाही’ म्हणून ऑडिशनच न देणाऱ्यांसाठी एक गोष्ट: कोलांटी मारणारे मिळतात. भोवताली गोंधळ चालू असताना हात न हलवता उभा राहू शकणारा माणूस मिळणं फार कठीण.

३. एक छोटा तुकडा बांधा

तयार तुकडा मागितला नसला तरी एक जवळ असू द्या, साठ ते नव्वद सेकंदांचा. याला सगळ्यात जास्त वेळ द्या. निदान दोन आठवडे, रोज थोडा थोडा.

वस्तू एकच घ्या, आणि ती तिथे हमखास मिळणारी किंवा सहज नेता येणारी असावी: खुर्ची, कोट, छत्री, बॅग. तीन-चार वस्तू घेतल्या की तुकडा सामान मांडण्यातच संपतो.

बांधणीचा क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा विनोद बाजूला ठेवून कृती खरी करा. कोट घालायचा असेल तर तो तुम्ही रोज कसा घालता ते पाहा. आधी कोणता हात? नजर कुठे? वजन कोणत्या पायावर? बघणाऱ्याला साधा कोट घातलेला पटला नाही तर अडकलेला कोटही पटणार नाही.

मग गरज आणि घाई जोडा. मुलाखतीला उशीर झालाय, बाहेर कुणीतरी वाट बघतंय. इथून पुढे पात्राला काहीही गमतीचं वाटता कामा नये.

आता एक अडथळा आणा. बाही उलटी आहे. पात्र तो दूर करायला जातं आणि त्या उपायातूनच दुसरा अडथळा तयार होतो: बाही सुलटी करताना हात अस्तरात शिरतो. तो काढताना तिसरा. अडथळे बाहेरून एकामागून एक येऊन आदळले तर ती नुसती यादी होते. एकातून दुसरा निघाला तर बघणारा पुढचं संकट ओळखतो आणि तुमच्याआधीच हसू लागतो.

तीनचा नियम इथे उपयोगी पडतो. एखादी गोष्ट दोनदा तशीच घडली की बघणाऱ्याच्या मनात सवय बसते. तिसऱ्यांदा ती मोडा. पाचव्यांदा तेच केलं तर टेबलामागचा पेन खाली ठेवतो.

शेवट ठरलेला हवा. कोट अंगात जातो पण खुर्चीसकट, किंवा माणूस कोट सोडून निघून जातो. ‘मग असंच काहीतरी चालू राहतं’ हा शेवट नव्हे.

आता हालचालींना आकडे द्या. एक: कोट उचलला. दोन: उजवा हात. तीन: अडकला, थांबला. आकडे मनात म्हणत संथ करा, मग वेग वाढवा. कंटाळवाणं काम आहे, पण ‘पुन्हा करा’ म्हटल्यावर हेच आकडे हाताशी येतात.

*‘टेक’ वेगळा घोटा.* म्हणजे पाहणं, थांबणं, कळणं आणि मग प्रतिक्रिया. यातली मधली दोन पावलं गाळली जातात. डबल टेकमध्ये पात्र एकदा बघतं, काही विशेष नाही असं समजून नजर परत कामाकडे वळवतं, काम खरोखर सुरू करतं आणि मग डोक्यात प्रकाश पडून झटक्यात मान वळवतं. चूक अशी होते की नट पहिल्या नजरेतच दचकलेला असतो, त्यामुळे दुसरी नजर म्हणजे नुसता मानेचा व्यायाम. पहिली नजर पूर्ण निरागस ठेवा. मधला काळ किती लांबवायचा हे आरशात कळत नाही, कारण आरशात तुम्ही स्वतःलाच बघत राहता; त्यासाठी समोर माणूस लागतो.

तपासणी: मोबाइल समोर, उभे असताना पायांपासून डोक्यापर्यंत दिसाल इतका लांब ठेवा. लागोपाठ तीनदा चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. काय चाललंय ते आवाजाशिवाय कळतंय का? तिन्ही वेळा थांबण्याच्या जागा त्याच आहेत का? तिसऱ्या वेळी चेहरा मोठा झालाय का? होतोच. कमी करा.

४. पडणं, अडखळणं, मार: हे तिथे जाऊन पहिल्यांदा करू नका

हा टप्पा वाचून पडायला शिकता येणार नाही. जाणकार माणसासमोर, मॅटवर शिका. पुढे लिहिलंय ते काय शिकायचं आणि काय टाळायचं ते कळावं म्हणून. शिकायला वेळ नसेल तर तुकड्यात पडणं ठेवूच नका.

पडण्याचं तत्त्व हे की उंचीवरून खाली आदळायचं नाही, आधी खाली यायचं. गुडघे वाकवून शरीर जमिनीजवळ न्यायचं आणि मग मांसल भागांवर क्रमाने टेकायचं: पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू. हनुवटी छातीकडे, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. श्वास सोडत जायचं. धरून ठेवलेल्या श्वासाबरोबर अंगही ताठ होतं.

सावधान: तोल जाताच हात पुढे करून जमीन धरायची ही सगळ्यांची उपजत सवय, आणि मनगट मोडण्याचं नेहमीचं कारणही तेच. गुडघ्याच्या वाटीवर, कोपरावर आणि माकडहाडावर थेट कधीच उतरू नका.

अडखळण्याची साधी युक्ती म्हणजे चालताना मागच्या पायाचा चवडा पुढच्या टाचेला हलकेच अडकवणे. दारावर आपटायचं असेल तर आवाज तळहाताने किंवा पायाने काढायचा. डोकं दाराला लागण्याआधीच मागे झटकायचं. बघणाऱ्याचा मेंदू आवाज आणि झटका आपसूक जोडतो.

रंगमंचावरच्या थपडेत सूत्रं मार खाणाऱ्याच्या हातात असतात. आधी नजरानजर, मग अंतर, मग मारणाऱ्याची तयारी स्पष्ट दिसते आणि हात चेहऱ्यापासून दूरवरून जातो. आवाज बहुधा मार खाणाराच टाळीने किंवा स्वतःच्या छाती-मांडीवर हात मारून काढतो, प्रेक्षकाला न दिसेल असा. कोण कुठल्या कोनात बसलंय यावर सगळा खेळ उभा असतो, म्हणूनच हे आयत्या वेळी करायचं काम नव्हे. ऑडिशनमध्ये समोरच्याला न विचारता हात लावणं, ढकलणं, उचलणं हे ‘उत्स्फूर्त’ ठरत नाही. तिथेच नाव कटतं, आणि कटलंच पाहिजे.

पडण्याविषयी आणखी एक निरीक्षण. हशा पडण्याला क्वचितच मिळतो. तो मिळतो आधीच्या तोल सावरण्याच्या धडपडीला आणि नंतरच्या ‘काही झालंच नाही’ या आविर्भावाला. म्हणजे पडणं अर्ध्यावर आणलं, नुसतं खुर्चीच्या कडेवर बसकण मारली, तरी हशा बहुतेक शाबूत राहतो.

५. त्या दिवशी, आत बोलावण्याआधी

कपडे हालचालीला मोकळे, पण इतके ढगळ नकोत की गुडघे-कोपर दिसेनासे व्हावेत. दिग्दर्शकाला तुमच्या शरीराची रेषा वाचायची असते. पकड असलेले, बंद बूट घाला. मोजे घालून गुळगुळीत लाकडी जमिनीवर उतरू नका. अंगठ्या, घड्याळ, लोंबते कानातले, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवा. केस बांधा. पोट भरलेलं नको, रिकामंही नको.

अर्धा तास आधी पोचा. फॉर्म भरायला पाच मिनिटं, अंग गरम करायला दहा-पंधरा. आधी जागच्या जागी चालणं किंवा हलकं धावणं, मग घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मनगटं सैल करणं, मान सावकाश. थंड अंगाने पाय ताणून मिनिटभर धरून ठेवणं हे अंग गरम करणं नव्हे. तुमचा क्रमांक लांबला तर बसून राहू नका. वीस मिनिटं खुर्चीत बसलात की सगळं पुन्हा थंड.

वाट बघताना इतरांना आपला तुकडा करून दाखवू नका. तिथे मिळालेला हशा आत मिळत नाही आणि मग त्याचाच विचार डोक्यात राहतो. दारावर फॉर्म गोळा करणारी व्यक्ती पुष्कळदा रंगमंच व्यवस्था पाहणारी असते. कोण कसं वागलं हे तिला नंतर विचारलं जातं.

६. आत: पहिल्यांदा, आणि दुसऱ्यांदा

नाव सांगा. जमिनीवर एकदा पाय घासून पाहा. खुर्ची वापरणार असाल तर ती डुगडुगते का ते तपासा आणि हवी तिथे ठेवा; एवढा वेळ कुणीही देतं. ‘आता मी काय करणार आहे ते सांगतो’ ही प्रस्तावना नको. क्षणभर स्थिर उभे राहा, सुरू करा, संपवा, शेवटची स्थिती एक श्वास धरा, सोडा.

कुणी हसलं नाही तर? टेबलामागची माणसं लिहीत असतात, सकाळपासून बसलेली असतात आणि त्यांनी तसल्याच छत्र्या आधी पाहिलेल्या असतात. हशा मिळत नाही म्हणून आवाज आणि हातवारे वाढवायचे, ही ऑडिशनमधली सगळ्यात महागडी चूक. ठरवलेल्या आकड्यांवर राहा.

चुकून काही घडलं, छत्री उघडलीच नाही, तर पात्र म्हणून त्याला तोंड द्या; तशा क्षणाची तर ते वाटच बघत असतात. लागलं मात्र असेल तर लगेच थांबा आणि तसं सांगा. दुखणं दाबून पुढे रेटणारा नट दिग्दर्शकाला धाडसी वाटत नाही, धोक्याचा वाटतो.

आता ‘तेच पुन्हा करा’. याचे तीन अर्थ असू शकतात. नुसतंच पुन्हा म्हटलं तर अगदी तेच करा. नवी गंमत घालू नका. बदल सांगितला, उदाहरणार्थ ‘निम्म्या हालचालीत करा’ किंवा ‘त्याला लाज वाटतेय असं करा’, तर तेवढाच बदल करा आणि बाकीचं जागेवर ठेवा. सूचना चांगली आहे की वाईट यावर मनात वाद घालू नका. ती बहुधा नाटकासाठी दिलेलीच नसते, तुम्ही सूचना घेता का हे बघण्यासाठी असते. सूचना कळली नाही तर एक प्रश्न विचारा. एकच.

तिसरा अर्थ असा की, पहिल्यांदा कुणाचं लक्ष नव्हतं. तेव्हाही तेच करायचं.

७. उतारा वाचताना आणि गटात

हातात कागद असताना शारीरिक काम जमत नाही अशी तक्रार असते. कागद एका हातात, छातीच्या उंचीवर, थोडा बाजूला धरा, म्हणजे चेहरा झाकत नाही आणि दुसरा हात मोकळा राहतो. वाक्याचा शेवट वर बघून बोला. शब्द चुकले तरी चालतील, समोरच्याकडे न बघणं चालणार नाही.

दुसऱ्याचा पंच, म्हणजे हशा मिळवणारं वाक्य किंवा कृती, येत असताना हलू नका. प्रेक्षकाची नजर हालचालीकडे जाते, आणि त्या क्षणी तुम्ही नाक खाजवलंत तर समोरच्याचा हशा गेला. मुद्दाम केलंत तर त्याला फुटेज खाणं म्हणतात आणि ते लपत नाही.

गटाच्या व्यायामात सहसा आरशासारखी नक्कल, एका वस्तूचे अनेक उपयोग, किंवा ‘पाचजण, एक बाक’ असला प्रसंग देतात. प्रत्येकजण सगळ्यात गमतीशीर व्हायला धावतो आणि बाकावर पाच विदूषक उभे राहतात. तुम्ही त्या पाचांतला वर्तमानपत्र वाचणारा साधा माणूस व्हा; प्रसंगाला एकदम आकार येतो. दुसऱ्याने काही सुरू केलं असेल तर ते मान्य करून पुढे न्या. त्याने काल्पनिक भिंत उभी केली आणि तुम्ही तिच्यातून आरपार चालत गेलात, तर तुमच्या नावापुढे नोंद नक्की होते, आणि ती चांगली नसते.

तपासणी: व्यायाम संपल्यावर बाकीच्यांनी काय केलं ते सांगता येतंय का? येत नसेल तर तुम्ही ऐकत नव्हता.

८. दुसरी फेरी आणि होकार

दुसऱ्या फेरीला बोलावलं तर बूट तेच, केस तसेच आणि तुकडाही तोच. नवीन काहीतरी दाखवायचा मोह फार होतो, पण पहिल्या दिवशी जे आवडलं त्यासाठीच बोलावलेलं असतं. इथे जोड्या लावून बघतात: उंचीचा फरक, वेगाचा फरक, कोण कुणाला उचलू शकतो. तुमची निवड बऱ्याचदा समोरच्या माणसावर ठरते, आणि त्यावर तुमचा काही इलाज नाही.

निकाल आला की लवकर उत्तर द्या, नकार असला तरी. तुम्ही चार दिवस विचार करत बसलात की पुढच्या नावाचा माणूस दुसरं काहीतरी स्वीकारतो. भूमिका नाही पण बदली नट म्हणून विचारलं, तर या प्रकारच्या नाटकात ते काम दुय्यम समजू नका. पडापडी बसवताना उभं राहून सगळं पाहायला मिळतं.

होकार देण्याआधी मात्र काही प्रश्न विचारून घ्या. पडण्याचे आणि मारामारीचे प्रसंग कोण बसवणार? तालमीच्या जागी मॅट आणि गुडघ्याचे पॅड आहेत का? प्रथमोपचाराची पेटी कुठे असते? नेपथ्यातली दारं आणि जिना तालमीला कधी मिळणार, की थेट रंगीत तालमीच्या दिवशी? प्रत्येक प्रयोगाआधी हे प्रसंग एकदा संथ गतीत करून बघणार आहेत का? शेवटच्या प्रश्नाला ‘तेवढा वेळ कुठे असतो’ असं उत्तर आलं, तर संवादांची भूमिका घ्या आणि जिन्यावरून पडायचं काम नाकारा.